आधी त्याचं, मग आपलं

अमरावतीच्या आमच्या अभ्यासिकेत मी मुलांना एक लेखनप्रकार शिकवतो. दुसऱ्याचा लेख वाचायचा, त्याचा सारांश लिहायचा आणि मग त्याला आपला प्रतिसाद द्यायचा. यंदा लेख घेतला निकोलस कार यांचा, 2008 साली 'द अटलांटिक' मासिकात आलेला. गूगल आपल्याला मठ्ठ बनवतंय का, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच आहे.

पहिलं वाचन पेन खाली ठेवून करायचं. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार शब्द लिहायचे. मग लेख पालथा घालायचा आणि शेजारच्याला तोंडी सांगायचं, हा माणूस म्हणतो काय? मुलं हीच पायरी गाळतात आणि गाडी तिथेच अडते. लेख उघडा असला की हात त्यातली वाक्यं उचलतो. पालथा घातला की समजलं तेवढंच हाती राहतं.

अकोटच्या एका मुलीने आधी लिहिलं, 'मोबाईलमुळे मुले बिघडली आहेत.' कार असं कुठेही म्हणत नाहीत. ते स्वतःबद्दल बोलतात: पूर्वी जाड पुस्तकात तासन् तास बुडायचो, आता दोन-तीन पानांतच लक्ष सुटतं. तिसऱ्या खेपेला तिचं वाक्य असं झालं: 'कार यांच्या मते, इंटरनेटवर भरभर चाळायची सवय लागली की सावकाश वाचण्याची आणि त्यासोबत खोल विचार करण्याची ताकद कमी होते.' सारांश या वाक्यावर उभा राहतो. त्याखाली कार यांचे आधार येतात. उदाहरणार्थ, 1882 साली टंकलेखन यंत्र वापरू लागलेला तत्त्वज्ञ नीत्शे, ज्याची वाक्यं त्यानंतर आखूड होत गेली. पण कार स्वतःच्या विरोधातही बोलतात. दीर्घकाळचे प्रयोग अजून व्हायचे आहेत हे ते कबूल करतात, आणि लिहिण्याच्या कलेमुळे माणसं लक्षात ठेवणं सोडतील अशी धास्ती सॉक्रेटिसलाही होती, हेही सांगतात. ही कबुली सारांशात यायलाच हवी. ती गाळून पुढे त्यांना खोडून काढणं म्हणजे हात बांधलेल्या माणसाशी कुस्ती खेळणं.

साडेचारशे शब्दांच्या निबंधात सारांशाला दीडशे पुरतात. तिथे 'मला वाटतं' अजिबात नको.

प्रतिसादात मात्र तेच हवं. नुसतं 'मी सहमत आहे' चालत नाही. कार यांच्या कोणत्या म्हणण्याशी, कुठवर आणि कशाच्या जोरावर, हे सांगावं लागतं. मुलं इथे आधार मोबाईलवर शोधायला लागतात. मी म्हणतो, आधी घरात शोधा.

"सर, माह्या आजोबाले औटकी पाठ होती," ती मुलगी म्हणाली.

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. कापूस वेचणीची मजुरी किलोला साडेतीन रुपये होती तेव्हा काट्यावर 36 किलो भरले की आजोबा तिथेच एकशे सव्वीस म्हणत. मागे बसलेल्या मुलाने लगेच अडवलं, "ते तर पाठांतर झालं. त्यात विचार कुठं आला?" प्रश्न रास्त होता. तिने बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "हिशेब चुकला की आजोबाले लगेच खटकायचं. मले नाही खटकत. मोबाईल जे दाखवते ते मी मानते." आकडा मिळणं वेगळं आणि आकडा खटकणं वेगळं. प्रतिसादाचा कणा तिला सापडला होता.

मग उलट बाजूचा पुरावा आमच्याच जिल्ह्यातल्या, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचा निघाला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसामाणसांकडून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून तिथे 'लीळाचरित्र' लिहिलं. मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे लिहिलेलं असूनही लोकांनी ते पाठ ठेवलं होतं. सॉक्रेटिसची भीती इथे खरी ठरली नाही, आणि हे कार यांना सांगण्यासारखं आहे.

दोन्ही उदाहरणं ठेवायची का, असं तिने विचारलं. ठेव, पण ती एकमेकांना छेदतात हे लपवू नकोस, असं मी सांगितलं. शेवटच्या मसुद्यात तिने लिहिलं: 'रिद्धपूरच्या लोकांना पोथी जिवापाड प्रिय होती, म्हणून त्यांनी ती मनातही ठेवली. माझ्या मोबाईलमधलं काय मी मनात ठेवलं आहे, ते मी आठवडाभर वहीत टिपणार आहे.' वहीची पहिली नोंद तिच्या आईच्या फोन नंबरची आहे, आणि त्यातले शेवटचे चार आकडे कोरे आहेत.