‘हंड्रेड इयर फ्लड’ : एका शब्दप्रयोगाचा अर्थ

नदीकाठच्या गावी मोठा पूर येऊन गेला आणि ‘हा हंड्रेड इयर फ्लड होता’ असे अभियंत्यांनी सांगितले, की ऐकणाऱ्यास वाटते, आता पुढील शंभर वर्षे चिंता नाही. पडलेले घर त्याच जागी पुन्हा बांधण्यास एवढी समजूत पुरेशी होते. वस्तुतः त्या शब्दांत असे कोणतेही अभय दिलेले नाही.

जलविज्ञानाच्या परिभाषेत या शब्दप्रयोगाचा अर्थ असा : नदीच्या एका विशिष्ट ठिकाणी, कोणत्याही एका वर्षी, जेवढा किंवा ज्याहून मोठा पूर येण्याची संभाव्यता १ टक्का असते, तो पूर. शंभर हा आकडा या शंभरांश संभाव्यतेचा केवळ व्यस्तांक होय. तो सरासरी दाखवितो, वेळापत्रक नव्हे.

एका मडक्यात ९९ साधे व १ तांबडा रंगविलेला असे शंभर चिंचोके घालावेत. दर वर्षी डोळे मिटून एक चिंचोका काढावा, पाहावा, आणि परत मडक्यात टाकावा. तांबडा निघाला, तर त्या वर्षी पूर. तो परत टाकलेला असल्यामुळे पुढच्या वर्षीही तांबडा निघण्याचा संभव तेवढाच राहतो. मडक्याला गतवर्षीची आठवण नसते. या हिशेबाने शंभर वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे ६३ टक्के आहे. म्हणजे एखादे शतक कोरडे जाण्याचा संभवही सुमारे ३७ टक्के उरतो. दोन किंवा अधिक वेळा पूर येण्याचा संभव सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एकाहून थोडा अधिक आहे.

अमेरिकेत १९६८ साली पूरविम्याची राष्ट्रीय योजना कायद्याने स्थापन झाली व तीत ही १ टक्क्याची मर्यादा प्रमाण मानण्यात आली. त्यामुळे अभियंत्यांचा हा शब्द घर घेणाऱ्यांच्या कागदपत्रांत शिरला आणि गैरसमजही त्याच्यामागोमाग गेला. तेथे घरासाठी बहुधा ३० वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढतात. तेवढ्या काळात या पातळीचा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता २६ टक्के भरते. ह्यूस्टन शहरात २०१५, २०१६ व २०१७ अशी ओळीने तीन वर्षे पुराने हानी केली, तेव्हा ‘फाइव्ह हंड्रेड इयर’ हे विशेषण तिन्ही वेळा वापरले गेले आणि लोक शास्त्रालाच हसू लागले. अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते आता वर्षांऐवजी वार्षिक संभाव्यता सांगणे अधिक पसंत करते.

मराठीत तर अडचण दुहेरी आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ हे भाषांतर ‘शंभर वर्षांचा वटवृक्ष’ या धर्तीवर पुराचे वयच सांगू लागते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ऐकावयास बरे, परंतु अर्थाने अधिक फसवे. ‘गेल्या शंभर वर्षांत आला नाही असा पूर’ हे विधान निराळेच : ते भूतकाळाविषयी असून नोंदवह्या पाहून खरेखोटे करता येते. सांगलीस कृष्णेने २००५, २०१९ व २०२१ साली हाहाकार केला. अशा ठिकाणी या दोन विधानांची गल्लत झाली, तर ती व्याकरणाची चूक राहत नाही. ‘दर वर्षी १ टक्का संभाव्यतेचा पूर’ ही रचना काहीशी अवघड, तरीही तीच योग्य. तिच्यासोबत नदीचे नाव व ठिकाण द्यावेच; एका ओढ्यावरील १ टक्क्याचा पूर शेजारच्या ओढ्यावरही तसाच असेल, असे नाही. शंभर वर्षांचा म्हटलेला पाऊस त्याच मापाचा पूर आणतोच, असेही नाही. जमीन आधी किती भिजलेली आहे यावर ते बरेच अवलंबून असते.

शिवाय मडक्यातील चिंचोके कायम तेच राहतील, हे गृहीतच आहे. पात्रात भराव पडले, पाणलोटात डांबर व सिमेंट पसरले, तापलेल्या हवेत बाष्प वाढून पाऊस अधिक जोराने कोसळू लागला, तर तांबडे चिंचोके वाढतात. बहुतेक ठिकाणच्या नोंदीही अपुऱ्या असतात. पन्नास-साठ वर्षांच्या आकड्यांवरून शतकाचा अंदाज बांधावा लागतो. एखादा मोठा पूर त्या नोंदीत दाखल झाला, की गणित नव्याने मांडावे लागते आणि काल १ टक्क्याचा ठरविलेला पूर आज २ टक्क्यांचा ठरू शकतो.