उपड्या बशीवरचा चेंडू

गोल्फ हा धनिकांचा आणि सेनाधिकाऱ्यांचा खेळ, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि तो फारसा चुकीचाही नाही. मी स्वतः हा खेळ सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत असताना छावणीच्या मैदानावर शिकलो. तेथे हिरवळीचे ‘ग्रीन’ नव्हतेच. तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ होते. पुढे डिचोलीत बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय सुरू केला आणि क्लबची पिशवी माळ्यावर गेली. मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात स्थायिक झाल्यावर मात्र पाइनहर्स्टच्या ‘नंबर दोन’ या विख्यात मैदानावर खेळण्याचा योग आला. त्या मैदानाची जन्मकथा आपल्या वैद्यकीय बांधवांना विशेष रुचावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाइनहर्स्टची स्थापना गोल्फसाठी झालीच नाही. ती झाली क्षयरोगासाठी. बोस्टनचे सोडा-फाउंटनचे व्यापारी जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी १८९५ मध्ये येथे एकरी सुमारे एक डॉलर दराने हजारो एकर जमीन घेतली. पाइनची झाडे लाकडासाठी तोडून नेल्यामुळे मागे उरलेली ती उजाड वाळू होती. कोरडी हवा, पाइनचा वास आणि विश्रांती यांनी क्षयाचे रुग्ण सुधारतात, ही त्या काळची श्रद्धा. मिरजेजवळच्या वान्लेसवाडीचे आरोग्यधाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. परंतु रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. हा रोग संसर्गजन्य आहे हे टफ्ट्स यांना उमगले, तेव्हा त्यांनी क्षयरुग्णांना प्रवेश बंद केला आणि आरोग्यधामाचे विश्रामस्थान झाले. ज्यांच्यासाठी गाव वसवले त्यांनाच वेशीबाहेर ठेवण्याची वेळ आली! जंतुशास्त्राने एका गावाचे नशीब इतक्या थेटपणे पालटल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

करमणूक म्हणून पाहुणे गोठ्याच्या कुरणात चेंडू मारू लागले आणि त्याचा गाईंना त्रास होऊ लागला, असे सांगतात. १८९८ मध्ये पहिली नऊ होल्स आखली गेली, तीही लेरॉय कल्व्हर नावाच्या डॉक्टरांकडून. १९०० मध्ये स्कॉटलंडमधील डॉर्नोकहून डोनाल्ड रॉस आले. त्यांचे ‘नंबर दोन’ १९०७ मध्ये पूर्ण झाले. तथापि १९४८ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याची डागडुजी करीतच राहिले. त्यांचे घर तिसऱ्या होलच्या कडेला आहे. विशेष म्हणजे १९३५च्या सुमारापर्यंत येथेही ग्रीन वाळूचेच होते. हे ऐकून आमच्या छावणीच्या ब्राऊनविषयी मला उगीचच अभिमान वाटला.

आता या मैदानाची अवघड जागा कोणती, ते सांगतो. येथे पाण्याचे अडथळे जवळजवळ नाहीत. फेअरवे रुंद आहेत, चेंडू हरवणेही तसे कठीण. पहिले दोन फटके मारून होईपर्यंत मनुष्य खुशीत असतो. खरी परीक्षा ग्रीनवर. बहुतेक ठिकाणी ग्रीन सपाट किंवा किंचित खोलगट असते व चेंडू सामावून घेते. रॉस यांचे ग्रीन मात्र उपड्या बशीसारखे. मध्यभागी फुगीर आणि चहूकडे उतरते. अगदी अचूक वाटणारा चेंडूही कडेला पडला की क्षणभर थांबतो आणि हळूहळू घरंगळत खाली जातो. म्हणजे नकाशावर ग्रीन जेवढे मोठे दिसते, त्यातील चेंडू खरोखर टिकेल असा भाग फार थोडा. वर्षानुवर्षे वाळूचे थर पसरल्याने हा फुगवटा वाढला, असे काही जाणकार मानतात. ग्रीनभोवतीचे गवतही आखूड कापलेले असल्याने खाली आलेल्या चेंडूला परत वर पाठवण्याचे चार मार्ग असतात: उंच उडवणे, आपटून सरपटवणे, लाकडी क्लबने ढकलणे किंवा सरळ पटरने लोटणे. नेमका येथेच खेळाडू गोंधळतो. कॅडीने मला पहिल्याच होलवर पटर हाती दिला आणि तोच उपाय दिवसभर पुरला. आपल्याकडेही उपचारांचे पर्याय वाढले की तरुण डॉक्टर सर्वांत दिमाखदार पर्याय निवडतो, त्याची आठवण झाली.

१९९९च्या यू.एस. ओपन स्पर्धेत येथे पेन स्टुअर्ट एका फटक्याने जिंकले आणि फिल मिकेल्सन हरले. मिकेल्सन यांची पत्नी पहिलटकरीण, दिवस भरलेली. ते पेजर बाळगून खेळत होते. हरल्यावर स्टुअर्ट यांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून, तू आता बाप होणार, असा दिलासा दिला. दुसऱ्याच दिवशी कन्यारत्न झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानातील हवेचा दाब गेल्याने, प्राणवायूअभावी स्टुअर्ट यांचा अंत झाला. अठराव्या ग्रीनमागे त्यांचा पुतळा आहे.

मध्यंतरीच्या काळात मैदान सर्वत्र हिरवेगार करण्याचा सोस आला होता. २०१०-११ मध्ये बिल कूर व बेन क्रेनशॉ यांनी सुमारे पस्तीस एकर हिरवळ उखडून तेथे मूळची वाळू आणि तारेसारखे ताठ रानगवत परत आणले. पाण्याचे फवारे सुमारे ११५० होते, ते ४५०च्या आसपास राहिले. मैदान सोपे झाले नाही ते नाहीच. २०२४ची ओपनही शेवटच्या होलवरच निकालात निघाली.

येथे मला पेडण्याची आठवण होणे अपरिहार्य होते. तेरेखोलला गोल्फ प्रकल्प आला, तेव्हा कूळहक्क, काजूबागा आणि पाणी या प्रश्नांवर गावकरी उभे राहिले व तंटा हरित लवादापर्यंत गेला. मी या खेळाचा चाहता असूनही मला गावकऱ्यांचे म्हणणे पटते. टफ्ट्स यांनी उजाड झालेली वाळू घेतली होती, कुणाची फळती बाग नव्हे. उजाड जमीन आमच्या डिचोली तालुक्यात मात्र उदंड आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा टाकाऊ मातीचे डोंगर आणि पाण्याने भरलेले खड्डे मागे राहिले. साखळीच्या जुन्या खाणीवर झाडे लावली गेली आणि १९९९ मध्ये सुरू झालेली सेसा फुटबॉल अकादमी तेथेच वाढली. अठरा होल्सच्या मैदानाला सव्वाशे ते दीडशे एकर लागतात. फुटबॉलला दोन एकर पुरतात आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी चेंडू आधीच असतो.