संसर्ग सरतो, आजार उरतो

लाइम रोगाचा शोध लागला तो एका न पटलेल्या निदानामुळे. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, ओल्ड लाइम गावाच्या परिसरात, बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टरांनी बालसंधिवात सांगितला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो ऑटोइम्यून आजार. पण असा संधिवात शेजारपाजारच्या घरांतून एकदम होत नाही, आणि मुलांच्या आयांनी तो मुद्दा लावून धरला. ॲलन स्टीअर यांनी तपास केला. पुढे विली बर्गडॉर्फर यांना हा रोग पसरवणाऱ्या गोचिडीच्या पोटात मळसूत्री आकाराचा जंतू सापडला. ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

लाइमचे बहुतेक रुग्ण अँटिबायोटिक्सने बरे होतात. मात्र थोड्यांच्या बाबतीत जंतू संपल्यावरही गुडघा महिनोन् महिने सुजलेला राहतो. तेव्हा आणखी अँटिबायोटिक्स देऊन उपयोग नसतो. संधिवाताप्रमाणे मेथोट्रेक्सेटसारखी औषधे द्यावी लागतात. अशा रुग्णांत एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे ठरावीक प्रकार जास्त आढळतात, आणि त्यांतलेच काही आमवाताचा धोकाही वाढवतात. आईवडिलांकडून आलेले हे जनुक जंतूमुळे बदलत नाही. ते आधीपासून असते. संसर्ग होईपर्यंत त्याचा त्रास जाणवत नाही, एवढेच.

संसर्गानंतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ती पुष्कळदा जंतू आणि शरीर यांच्या घटकांतील साम्यामुळे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूची काही प्रथिने हृदयाच्या प्रथिनांसारखी असतात. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे हृदयाच्या झडपांवरही हल्ला करतात. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटलेले असतात, तोवर मुलाला ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा दुखतो. हाच रुमॅटिक फिव्हर. भारतात आजही त्याने मुलांच्या झडपा निकामी होतात, आणि घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळाले तर तो बहुधा टळतो, म्हणून हे नुकसान अधिकच जिव्हारी लागते. एकदा तो होऊन गेला की पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड गाव या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाबाचा जंतू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय आला. या जंतूच्या आवरणातील शर्करा मज्जातंतूंवरील घटकांशी मिळतीजुळती असते. म्हणून जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या येतात, बळ जाते आणि अशक्तपणा वर चढत जातो. श्वसनाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. या जंतूच्या हजारभर रुग्णांत एखाद्यालाच जीबीएस होतो, आणि वेळीच इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार मिळाले तर बहुतेक जण पुन्हा चालू लागतात.

एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग तर जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतो. अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पट वाढल्याचे दिसले. तरीही विषाणू असलेल्यांपैकी फारच थोड्यांना तो आजार होतो. विषाणू एकटा पुरत नाही.

जनुकीय आजाराचे गणित याहून सरळ आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार जन्मतःच असतो. कोणताही जंतू तो निर्माण करत नाही. पण तापाने आणि शरीरातले पाणी कमी झाल्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. अशा मुलांची प्लीहा लवकरच निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकस या जंतूचा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून त्यांना पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस द्यायची असते, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.