फिरतीवरचा सॅक्सोफोनवादक

रॉक संगीताच्या जलशांत गायक आणि गिटारवाले पुढें उभे असतात. सॅक्सोफोन घेतलेला गृहस्थ बहुधा एका बाजूस असतो. जाहिरातींत त्याचें नांव नसतें. तो त्या संचाचा भागीदार नव्हे, दौऱ्यापुरता नेमलेला पगारी वादक. अशा वादकाचा व्यवसाय कसा चालतो, हें समजून घेण्यास अमेरिकेंतील बॉबी कीज् याच्या चरित्राहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

प्रथम वाद्याविषयीं. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. अंग पितळेचें, परंतु नाद उत्पन्न होतो तो तोंडाशीं बसविलेल्या वेताच्या पातळ पट्टीच्या कंपनानें. म्हणजे जातीनें तें क्लॅरिनेटचें भावंड. रॉकमध्यें विशेष चालतो तो टेनर सॅक्सोफोन. आपल्या पेटीच्या भाषेंत तो काळी पांचचा. गिटारवाल्यांना मात्र पांढरी तीन आणि पांढरी सहा या पट्ट्या सोयीच्या. त्यामुळें पांढरी तीनमध्यें गाणें चाललें असतां या वादकाच्या बोटांना सहा चढे स्वर सांभाळावे लागतात. दुसऱ्याच्या सोयीनें वाजविण्याची संवय येथूनच लागते!

कीज्चा जन्म १८ डिसेंबर १९४३ रोजीं टेक्ससमध्यें लबक शहराच्या परिसरांत झाला. पंधराव्या वर्षींच तो बडी नॉक्स, बॉबी व्ही अशा गायकांबरोबर फिरूं लागला. १९६४ सालीं सॅन अँटोनियो येथील एका मेळाव्यांत त्याची इंग्लंडहून आलेल्या रोलिंग स्टोन्स या संचाशीं गांठ पडली. त्यांतील कीथ रिचर्ड्सचा जन्मही नेमका त्याच दिवशींचा. १९६९ सालीं कीज् त्यांच्या ध्वनिमुद्रणांत प्रथम वाजला, आणि १९७० पासून ट्रंपेटवादक जिम प्राइस याच्यासह त्यांच्या दौऱ्यांवर निघाला.

१९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ब्राउन शुगर’ या गीतांतील त्याचें स्वतंत्र वादन अर्ध्या मिनिटाहूनही लहान आहे. पण तेवढ्यानें त्याच्या पुढील चाळीस वर्षांची बेगमी केली. आपल्या बैठकींत तीच तान रोज तशीच घेणाऱ्या गवयास रसिक नांवें ठेवतील. येथें उलट, तबकडीवर ऐकलेले स्वर त्याच क्रमानें आले नाहींत तर श्रोता फसवणूक झाली असें मानतो. त्यांतून, गीताचे कर्ते म्हणून जॅगर व रिचर्ड्स यांचींच नांवें लागलीं. हा व्यवहार रूढ आहे खरा, पण मला तो न्याय्य वाटत नाहीं.

पगारी माणसाची जागा किती कच्ची असते, तें १९७३ सालीं दिसलें. मद्य आणि अमली पदार्थ यांच्या आहारीं गेलेला कीज् युरोपचा दौरा अर्ध्यावर सोडून गेला आणि संचाचें दार त्याला पुष्कळ काळ जवळजवळ बंदच राहिलें. हुन्नर मात्र शाबूत होतें. १९७४ सालीं अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या जॉन लेननच्या एका गीतांत त्याचाच सॅक्सोफोन आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभीं तो कांहीं दौऱ्यांत दिसला, पण कायमचें पुनरागमन झालें तें १९८९ सालीं. रिचर्ड्सनें आत्मवृत्तांत त्याची हकीकत दिली आहे: जॅगरला न कळवितां त्यानें कीज्ला तालमीस बोलाविलें, आणि ‘ब्राउन शुगर’ मधील ती जागा येतांच कीज्नें वाजविण्यास आरंभ केला. कोणत्याही करारपत्रापेक्षां त्या स्वरांनींच त्याची वकिली केली.

पुढें २०१४ पर्यंत तो त्यांच्यासमवेत फिरला. त्या वर्षीं आजारामुळें त्याला ऑस्ट्रेलियाचा दौरा टाळावा लागला. त्याच्या जागीं कार्ल डेन्सन आला. २ डिसेंबर २०१४ रोजीं, सत्तराव्या वर्षीं, कीज् टेनेसींतील फ्रँकलिन येथें यकृताच्या विकारानें वारला. डेन्सननें त्याच गीतांत तीच जागा पुढें चालविली. गुलामगिरीविषयींच्या शब्दांमुळें त्या गीतावर आक्षेप येत असत, आणि २०२१ च्या अमेरिकेंतील दौऱ्यांत तें कार्यक्रमांतून वगळण्यांत आलें.