संकटकाळ आणि आपली मुले

सचिन हे नाव इतिहासात सिद्दी नबाबांच्या एका लहानशा संस्थानाचे. आज ते ओळखले जाते औद्योगिक वसाहतीमुळे. येथील यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबणाऱ्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने आली आणि येथेच स्थिरावली. घरी अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि मुलांच्या शाळेत मराठी, असा आमचा चार भाषांचा संसार आहे.

अशा संसारात एक गोष्ट निराळी घडते. घरावर येणाऱ्या संकटाची वार्ता प्रथम मुलांना कळते. गल्लीच्या तोंडाशी लावलेली गुजराती सूचना, वीजबिलावरील ताकीद, दवाखान्याचा कागद हे सारे वाचून दाखवितो तो शाळेत गुजराती शिकलेला मुलगा किंवा मुलगी. 'मुलांच्या कानी काही जाऊ देऊ नये' हा उपदेश सुखवस्तू घरांत शोभत असेल. आमच्याकडे तो पाळणेच शक्य नाही. मग आईबापांकडे कोणते काम उरते? आमच्या मते, आलेल्या वार्तेचे माप सांगण्याचे.

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी आली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. प्रत्यक्षात त्या साथीतील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. प्लेग जंतूंमुळे होतो आणि वेळेवर प्रतिजैविक मिळाल्यास बरा होतो, हे त्या गर्दीत फारसे कोणी मुलांना सांगितले नसावे. रोग खरा होता, भीतीही खरी होती. परंतु दोन्हींचा आकार एक नव्हता. हा फरक मुलाला कळतो. मात्र तो सांगण्यासाठी आधी आपण तो समजून घ्यावा लागतो, आणि कठीण भाग तोच आहे.

2006 च्या ऑगस्टातील महापुराचे उदाहरण याहून सोपे. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. ती तापी मुलांच्या आजोळावरूनच वाहत येते. मुलताईजवळ उगम, मग भुसावळ, मग उकाई, मग सुरत, असा नकाशावर बोट फिरवून मार्ग दाखविला की वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि सुरतेतील पूर यांचा संबंध चौथीतल्या मुलालाही उमगतो. कारण कळले म्हणून पाणी ओसरत नाही. पण रात्री पाऊस वाजू लागला की कोणत्या पावसाला भ्यावे आणि कोणत्याला नाही, हे मूल स्वतः ठरवू शकते.

2020 ची टाळेबंदी मात्र अशी एका बोटाने दाखविता येण्याजोगी नव्हती. 25 मार्चपासून माग थांबले, पगार थांबला, आणि पुष्कळ कुटुंबे गावी परतली. शाळा मोबाईलवर आली. पण घरात मोबाईल एकच, आणि कारखाने सुरू झाल्यावर तो वडिलांबरोबर बारा तासांच्या पाळीवर जाई. पहिली ते पाचवीचे वर्ग गुजरातेत 2021 च्या नोव्हेंबरात उघडले, तोवर कित्येक मुलांचे वाचन मागे पडले होते. याच काळात साड्यांना टिकल्या लावण्याचे आणि धागे कापण्याचे काम घरोघरी वाढले. मुलांनी घरकामात हात लावावा, भावंडांना सांभाळावे, घरखर्चाच्या हिशोबाला बसावे; यात आम्हांला गैर वाटत नाही, उलट उद्या काय होणार या धास्तीवर तो चांगला उतारा आहे. परंतु नगावर मजुरी मिळणाऱ्या कामाला मूल एकदा बसले की त्याची संध्याकाळ त्याची उरत नाही. येथे रेघ ओढावी ती आईबापांनीच. पैशाची निकड असताना ती ओढणे किती जड जाते, हे आम्हांस ठाऊक आहे.

काही प्रश्नांना मापही पुरत नाही. 6 जानेवारी 2022 रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगार दगावले. "बाबांच्या कारखान्याजवळ असे होईल का?" असे मुलाने विचारल्यास "नाही" म्हणता येत नाही. उग्र वास आला की वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, नाल्याजवळ थांबू नये, एवढे सांगता येते. तेवढे सांगावे.

आणि गाव गाठण्याचीच वेळ आली तर शाळेचे काय, हा प्रश्न राहतो. दाखला हाती नाही म्हणून गावी गेलेले मूल महिनोन् महिने घरी बसते, असे आजही घडते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत दुसरीकडून येताना दाखल्याला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश अडविता येत नाही. गावच्या मुख्याध्यापकांकडे जाताना ही गोष्ट कागदावर लिहून न्यावी. घरात सुवाच्य अक्षर कोणाचे आहे, हे आम्ही सांगावयास नको.