शटर ओढले, गाडी काढली : रात्रीच्या प्रवासातील झोपेचा हिशेब

चातुर्मास संपून लग्नसराई लागली की माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावांत एक दृश्य हमखास दिसते. रात्री नऊच्या सुमारास दुकानाचे शटर खाली येते, गल्ल्याचा हिशेब होतो, घरासमोर गाडी उभी असते आणि तिच्यात आहेराच्या पिशव्या, खाकऱ्यांचे डबे, उकळून गार केलेल्या पाण्याची भांडी अगोदरच रचलेली असतात. दहा वाजता कुटुंब निघते. पुणे येथून ३०० किलोमीटरच्या आसपास. मुंबई त्याहून लांब. पालीताणा किंवा नाकोडा तर एका रात्रीच्या आवाक्याबाहेरचेच. तरीही बेत असा आखला जातो की, दिवसाचा धंदा बुडू नये, रात्र रस्त्यावर जावी आणि सकाळी मंडपात किंवा मंदिरात हजर असावे. व्यापारी मनाला हा हिशेब फार पटतो, कारण त्यात एक दिवस वाचतो. गाडी चालवणाऱ्याची झोप मात्र या हिशेबात कोणत्याही रकान्यात मांडलेली नसते.

बीड जिल्ह्याला या रकान्याची किंमत ठाऊक असायला हवी. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे शिवसंग्राम संघटनेचे नेते विनायक मेटे यांचे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रायगड जिल्ह्यात अपघाती निधन झाले. केज तालुक्यातील राजेगावचे हे सुपुत्र बीडहून रात्रभर प्रवास करून मुंबईतील बैठकीसाठी निघाले होते. अपघात झाला तेव्हा पहाटेचे पाच वाजत होते. त्या अपघाताच्या कारणांची चौकशी हा तपासयंत्रणेचा विषय. येथे लक्षात घ्यायची ती फक्त वेळ. पुढच्याच वर्षी १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण गेले. तीही वेळ मध्यरात्रीनंतरचीच.

मध्यरात्र ते पहाट या तासांत रस्ता मोकळा असतो, म्हणून ते तास सुरक्षित वाटतात. शरीराच्या दृष्टीने ते सर्वांत वाईट असतात. माणसाच्या शरीरातील घड्याळ साधारण रात्री दोन ते पहाटे सहा या काळात जागेपणाची पातळी तळाला नेते. शरीराचे तापमानही तेव्हा उतरते. दुपारी जेवणानंतर दोन ते चारच्या दरम्यान अशीच, पण सौम्य उतरण येते. गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. पहाटेच्या या उतरणीला मनोबल पुरे पडत नाही. डोळे उघडे असूनही मेंदू दोन-चार सेकंद झोपी जातो आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. तीन सेकंदांच्या डुलकीत ८० मीटरांहून अधिक अंतर गाडी कोणी चालवत नसताना पार करते.

आता दुकानदाराचा दिवस मोजून पाहावा. पहाटे सहाला उठणे, सामायिक किंवा देवदर्शन, मग दुकान, अडतीवरची घासाघीस, दुपारची विश्रांती नावापुरती, संध्याकाळी उधारीचा तगादा. रात्री अकरा वाजता, म्हणजे गाडी दिंद्रुडहून निघून बीडच्या दिशेला लागते न लागते तोच, त्याला जागून १७ तास होतात. १९९७ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात डॉसन आणि रीड या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष असा की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची हातोटी आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते. भारतीय कायद्याने वाहनचालकाला घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के एवढीच आहे. ज्या घराच्या उंबऱ्याआत पिढ्यान् पिढ्या मद्याचा थेंब आला नाही, त्या घरातला कर्ता पुरुष रात्री अकरा वाजता बायकामुलांना मागे बसवून, कायद्याने मद्यपी ठरलेल्या माणसाहूनही अधिक गाफील अवस्थेत गाडी हाकत असतो. त्याला पोलिसाचे यंत्र पकडत नाही, इतकाच काय तो फरक.

जैन परंपरेला हे साम्य नवे नाही. शास्त्रांत प्रमादाचे पाच प्रकार सांगितले आहेत : मद्य, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा. मद्य आणि निद्रा एकाच यादीत बसवली आहेत. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना क्षणाचाही प्रमाद न करण्याविषयी पुन्हा पुन्हा बजावतात, हे प्रवचनांतून सर्वांनी ऐकलेले आहे. पाचवा प्रमाद, विकथा, हाही गाडीत हजर असतो. चालवणाऱ्याला जागे ठेवण्यासाठी म्हणून शेजारी बसलेला भाऊ जमिनीच्या वाटणीचा किंवा जावयाच्या वागणुकीचा विषय काढतो आणि मग झोप जाते खरी, पण लक्षही जाते.

झोप घालवण्याचे जे उपाय सर्रास केले जातात त्यांत खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे, बडीशेप चघळणे यांचा समावेश होतो. त्यांनी काही मिनिटे बरे वाटते, पेंग मात्र तशीच राहते. पेंगेवर उपाय झोप हाच. गाडी सुरक्षित जागी उभी करून १५ ते २० मिनिटे डोळे मिटले तर पुढचा काही काळ खरोखर निभावतो. चहा-कॉफी चालत असेल तर ती झोपण्यापूर्वी घ्यावी. तिचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी पुरी होते. उठल्यावर लगेच स्टीअरिंगला हात घालू नये. पाच-दहा मिनिटे चालावे, कारण झोपेची सुस्ती उतरायला तेवढा वेळ लागतो.

येथे चौविहार करणाऱ्यांची एक खास अडचण येते. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असलेल्या माणसाला रात्री दोन वाजता चहा घेता येत नाही, घोटभर पाणीही नाही. वातानुकूलित गाडीत घसा कोरडा पडतो, डोके जड होते. व्रत सोडा असे त्याला कोणी सांगू नये. गाडी मात्र त्याच्या हाती देऊ नये. आयंबिल, उपवास, अठाई यांत असलेल्या किंवा नुकतेच पारणे केलेल्या माणसाबद्दलही हेच. पर्युषणात तपस्व्याच्या पारण्याला वेळेवर पोहोचायचे म्हणून स्वतः उपवासात असलेला मुलगा रात्रभर गाडी चालवतो, तेव्हा घरातील मोठ्यांनी कौतुक करण्याऐवजी किल्ली काढून घ्यावी. खरे तर ज्या घरात चौविहार आणि नवकारसी दोन्ही पाळली जातात, त्या घराला प्रवासाचे वेळापत्रक आयतेच मिळालेले आहे : सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारून, पोटभर नाश्ता करून निघावे आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला मुक्कामी पोहोचावे. पुण्याचा प्रवास या चौकटीत सहज बसतो. मुंबईचाही बसतो, फक्त दुकान एक दिवस बंद ठेवावे लागते.

रात्रीच निघणे भाग असेल तर तयारी दुपारपासून करावी लागते. चालवणाऱ्याने त्या दिवशी दुकानाला दुपारी रामराम ठोकून दीड-दोन तास झोपावे. बॅगा भरणे, डिकी लावणे, आत्याला फोन करणे ही कामे इतरांची. दुसरा चालक घरात असेल तर तो निघताच मागच्या सीटवर झोपला पाहिजे. पुढे बसून गप्पा मारणारा दुसरा चालक पहाटे तीनला पहिल्याइतकाच थकलेला असतो. पाळी दोन-अडीच तासांची ठेवावी. युरोपात मालवाहू आणि प्रवासी वाहनांच्या चालकांना साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि तीही रोजचा सराव असलेल्या व्यावसायिकांना.

भाड्याची गाडी किंवा घरचा ड्रायव्हर असला म्हणजे हा प्रश्न सुटला असे समजले जाते. तो तेथेच अधिक बिकट होतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता. त्यात परिवहन संस्थांच्या चालकांसाठी दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी सर्वसाधारण मर्यादा घातलेली होती. लग्नाच्या गाडीला या मर्यादेची कोण आठवण ठेवतो? ड्रायव्हर आदल्या दिवशी दुसरे भाडे करून आलेला आहे का, हे विचारण्याची पद्धतच नाही. रात्रभर तो गाडी चालवतो, सकाळी कुटुंब धर्मशाळेत खोल्या घेऊन आंघोळीला जाते, आणि तो उन्हात तापलेल्या गाडीत सीट मागे पाडून पडतो. दुपारी त्यालाच परतीचा रस्ता दाखवला जातो. शेठजींची सोय बघणारे कार्यालय ड्रायव्हरच्या चादरीची सोय बघत नाही. कीडामुंगीची जयणा पाळणाऱ्या घरातून हे घडते, तेव्हा ते अधिकच बोचते. खोल्या आरक्षित करतानाच एक खाट ड्रायव्हरसाठी मागावी, त्याला पंगतीत वेळेवर बसवावे आणि सलग सहा-सात तासांची झोप त्याच्या पदरात पडल्याखेरीज परतीची वेळ सांगू नये. त्याने 'झोप आली नाही, चालेल' असे म्हटले तरी ते मानू नये. भाडे जाईल या भीतीने तो तसे म्हणतो.

मागच्या सीटचा पट्टा हा दुसरा दुर्लक्षित विषय, आणि त्याचीही खूण बीडच्याच उरात आहे. ३ जून २०१४ च्या सकाळी केंद्रीय मंत्री आणि बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले असताना त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. ते मागे बसले होते. मागच्या सीटवरचा पट्टा बांधला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे म्हटले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे असेच, मागच्या सीटवर पट्ट्याविना, निधन झाले. पट्टा न बांधल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आहे. रात्रीच्या प्रवासात तर मागचे सगळे झोपलेले असतात. झोपलेले शरीर धक्का बसताना स्वतःला सावरत नाही. आजी आडवी झोपते, नातू तिच्या मांडीवर, आणि डिकीवर रचलेले स्टीलचे डबे सगळ्यांच्या डोक्यामागे. लहान मुलांना त्यांच्या मापाच्या बांधणीच्या आसनात बसवावे, जड सामान खाली ठेवावे, आजीने बसूनच पट्टा लावून मान टेकवावी. तिला हे आवडणार नाही. कंबरेला मऊ उशी आणि दर दोन तासांनी पाय मोकळे करायला थांबणे एवढ्यावर बहुतेक आज्या राजी होतात.

दिंद्रुड परिसरातून निघणाऱ्याला महामार्गापेक्षा पहिले काही किलोमीटर अधिक धोक्याचे असतात. हिवाळ्यात, नेमका लग्नसराईत, उसाचा गळीत हंगाम जोरात असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर लोंबणारे वाढे आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नाही, अशी वाहने तेलगाव-माजलगावच्या रस्त्यांवर रात्रभर कारखान्याकडे जात असतात. समोरच्या गाडीच्या प्रखर उजेडात ती अजिबात दिसत नाहीत. येथे ताशी ५० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. याउलट समृद्धीसारख्या मार्गावर धोका रस्त्याच्या सरळपणाचाच आहे : वळण नाही, गाव नाही, तास न् तास तोच करडा पट्टा. मन सुन्न होते, आणि तापलेला जुना टायर तेथेच फुटतो. निघण्यापूर्वी टायरमधील हवा थंड असताना तपासून घ्यावी, स्टेपनीचीही. थांबायचे ते पेट्रोलपंपावर किंवा विश्रांतिस्थळी. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर गाडी उभी करून झोपणे म्हणजे मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या ट्रकचालकाच्या हाती जीव देणे. १०८ हा रुग्णवाहिकेचा, ११२ हा पोलिसांचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांवरच्या मदतीचा क्रमांक घरातील एकाच्या नव्हे, तर सर्वांच्या फोनमध्ये असावा.

पहाटेची आणखी एक गोष्ट जैन कुटुंबाने विसरता कामा नये. दिवस उजाडला की महामार्गाच्या कडेने साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. ईर्यासमिती पाळत, पुढची जमीन न्याहाळत ते अनवाणी चालत असतात. पाठीमागून येणाऱ्या गाडीकडे त्यांचे लक्ष नसते. विहारात वाहनाच्या धडकेने साधु-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता समाजाने अनेकदा ऐकल्या आहेत. ती गाडी रात्रभर जागून गुरुदर्शनालाच निघालेल्या एखाद्या श्रावकाचीही असू शकते. सोबत चालणारे विहारसेवेचे तरुण चमकणारी जाकिटे घालतात, पण ती दिसायला चालवणाऱ्याचे डोळे उघडे असावे लागतात.

राहता राहिला परतीचा प्रवास. जाताना उत्साह असतो, येताना तो संपलेला असतो. पालीताण्याला शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून-उतरून त्याच संध्याकाळी गाडीत बसणारी कुटुंबे आहेत. पायांत गोळे, डोळ्यांत झोप आणि सोमवारी दुकान उघडायची घाई. पायऱ्या चढलेल्या माणसाने त्या रात्री धर्मशाळेतच झोपावे आणि सकाळी नवकारसीनंतर निघावे. दुकानाच्या शटरवर जाण्यापूर्वीच एक कागद चिकटवून ठेवता येतो : 'मंगळवारी दुपारनंतर उघडेल.' दिंद्रुडच्या बाजारात तो कागद सगळे वाचतात, आणि नेहमीचे गिऱ्हाईक दुपारनंतरही येतेच.