निर्णयसागरी टाइपांतील बारीक रेघ

सोलापुरांत संस्कृत शिकवितांना निर्णयसागरच्या प्रती नित्य हातीं असत. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत स्थापिलेल्या या छापखान्याकरितां राणोजी रावजी आरू यांनीं घडविलेल्या टाइपांत तिरकस कापलेल्या बोरूचें वळण उतरलें आहे. कांहीं रेषा ठसठशीत, कांहीं केसासारख्या बारीक. बोदोनीच्या रोमन टाइपांतही असाच भेद आहे; तेथें उभी रेषा जाड, आडवी बारीक. देवनागरींत मात्र ‘ष’ व ‘ब’ यांच्या पोटांतील तिरपी रेघ बारीक पडते, आणि अक्षराची ओळख तिच्यावरच अवलंबून असते. टीकेच्या लहान खिळ्यांत ती अधिकच नाजूक. खिळा झिजला कीं ‘रोष’ हा ‘रोप’ दिसतो. यास्तव अशा अक्षरावरून पाठभेद मानण्यापूर्वीं त्याच आवृत्तीची दुसरी प्रत अवश्य पाहावी.